सल्ला न देणारी पाच माणसं: मनाचा कौल ऐकण्यासाठी शांत बैठक कशी भरवावी

कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावायची पद्धत आहे. मूर्तीवर ओल्या कळ्या किंवा पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि कुठल्या बाजूची आधी पडते याची वाट बघतात. उजवी पडली की बहुतेक ठिकाणी होकार मानतात. सगळ्यांचे डोळे मूर्तीकडे असतात, पण बघण्यासारखा असतो तो कौल मागणाऱ्याचा चेहरा. नकार आल्यावर एखादा चक्क मोकळा श्वास घेतो, तर एखाद्याला होकार मिळूनही हायसं वाटत नाही. पाकळी पडायच्या आधीच मनाने काहीतरी ठरवलेलं असतं, फक्त ते त्याच्या कानावर आलेलं नसतं.

ते कानावर यावं म्हणून करता येण्याजोग्या एका बैठकीबद्दल हा लेख आहे. पाच-सहा माणसं, दोन तास, बरीचशी शांतता आणि एकच कडक नियम: सल्ला द्यायचा नाही. ध्यानाचे आणि मौनाचे वर्ग आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. पण एकट्याने डोळे मिटून बसलं की बहुतेकांना आतला आवाज कमी आणि उद्याच्या डब्याची भाजी जास्त ऐकू येते. समोरच्याने नेमका प्रश्न विचारला आणि आपलं उत्तर येईपर्यंत तो खरोखर गप्प बसला, तर मात्र काहीतरी हलतं.

पद्धत आली कुठून

ही क्वेकर लोकांची पद्धत. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या भोवती हा ख्रिस्ती पंथ उभा राहिला. हे लोक स्वतःला ‘फ्रेंड्स’ म्हणवतात. प्रत्येक माणसाच्या आत ईश्वराचा प्रकाश असतो, त्यामुळे मधे पुरोहिताची गरज नाही, अशी त्यांची धारणा. त्यांच्या पारंपरिक सभेत प्रवचन नसतं. सगळे तासभर शांत बसतात. कुणाला आतून अगदीच राहवलं नाही तर तो उभा राहून चार वाक्यं बोलतो आणि बसतो. शेवटी शेजारच्याशी हात मिळवला की सभा संपली.

याच लोकांत ‘क्लिअरनेस कमिटी’ नावाची छोटी बैठक रुजली. सुरुवातीला तिचं काम लग्नापुरतं होतं: दोघं खरंच मोकळे आहेत ना, कुठे आधीचा शब्द दिलेला नाही ना, हे चारचौघांनी बसून बघायचं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नोकरी, स्थलांतर, घरातले पेच अशा वैयक्तिक निर्णयांसाठीही ती वापरली जाऊ लागली. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ पेंडल हिल नावाचं क्वेकर केंद्र आहे. तिथे बरीच वर्षं राहिलेले शिक्षणतज्ज्ञ पार्कर पामर यांनी ती पंथाबाहेरच्या शिक्षकांपर्यंत, डॉक्टरांपर्यंत पोचवली. श्रद्धा बाजूला ठेवूनही ती चालते, हे त्यातून दिसलं.

आपल्याकडे क्वेकर मोजकेच, पण अगदी अनोळखी नाहीत. मार्जरी साइक्स या क्वेकर शिक्षिका १९२८ मध्ये भारतात आल्या, पुढे वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीच्या कामात रमल्या आणि भारताच्या नागरिक झाल्या. सोमवारी मौन पाळणाऱ्या माणसाच्या आश्रमात त्यांना परकं वाटलं नसणार.

आता पायऱ्या.

पहिली पायरी: पेच योग्य आहे का ते बघणं

आपण ‘मन सांगतंय’ म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत घालतो. एक असतो अनुभवातून आलेला अंदाज. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली जुनी परिचारिका ‘या बाळाचं काहीतरी बिघडतंय’ असं रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधी ओळखते, तो हा प्रकार. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने अशा परिचारिकांचा आणि आग विझवणाऱ्या जवानांचा अभ्यास केला. दुसरे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांचा अशा अंदाजांवर फारसा विश्वास नव्हता. दोघांनी मिळून २००९ मध्ये एक निबंध लिहिला आणि दोन अटींवर त्यांचं एकमत झालं: ज्या क्षेत्राबद्दल अंदाज आहे तिथे काहीएक नियमितपणा हवा, आणि माणसाला तिथे दीर्घ सराव आणि चूक-बरोबर कळण्याची सोय मिळालेली हवी. शेअरचा भाव उद्या काय होईल, याबद्दलच्या ‘आतल्या आवाजा’ला यातलं काहीच मिळालेलं नसतं. तो आवाज कितीही खणखणीत आला तरी त्याच्यावर पैसे लावू नयेत.

दुसरी गोष्ट म्हणजे मला काय हवंय, काय पेलवेल आणि कशासाठी मी स्वतःशीच खोटं बोलतोय, याची जाणीव. बैठक या दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. म्हणून छातीतली गाठ डॉक्टरला दाखवायची, वाटणीपत्र वकिलाला, आणि गृहकर्जाचा हप्ता झेपतो का ते कागदावर मांडायचं. ही सगळी माहिती गोळा करूनही पाऊल उचलत नसेल, तर तो पेच बैठकीत आणण्यासारखा.

पुढे समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण घेऊ. ते रचलेलं आहे, कारण खऱ्या बैठकीतलं बाहेर सांगायचं नाही हा या पद्धतीचा पाया आहे. एक ताई, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, पुण्यात एका खासगी शाळेत शिकवते. आई मिरजेला एकटी. नोकरी सोडून मिरजेला जावं की आईला पुण्यात आणावं, यावर वर्षभर घरात चर्चा चालू आहे. नवरा एक सांगतो, भाऊ दुसरं आणि मावशी तिसरं.

दुसरी पायरी: माणसं निवडणं

चार किंवा पाच जण पुरे. सहाव्यापासून सभा होते. बैठकीचं पारडं माणसांच्या निवडीवर झुकतं, म्हणून इथे घाई नको.

ज्याचं त्या निर्णयात काही अडकलंय तो नको. म्हणजे नवरा, भाऊ, मावशी तिघेही बाद, मग ते कितीही समजूतदार असोत. बायको-नवऱ्याला वगळणं बऱ्याच घरांत अवघड जातं, ‘माझ्यापासून काय लपवायचंय?’ असं होतं. आधीच सांगून टाकावं की निर्णय तुमच्याशी बोलूनच होईल, ही फक्त माझी मला गाठ घालून देणारी बैठक आहे.

एकमेकांना न ओळखणारी माणसं घेतली तर फार छान. एक शाळेतली मैत्रीण, एक शेजारचे काका, एखादी वयाने बरीच लहान मुलगी. लहान वयाची व्यक्ती हमखास घ्यावी, कारण तिला सल्ला द्यायची सवय अजून लागलेली नसते. उलट ज्यांना सगळे ‘मार्गदर्शक’ म्हणतात त्यांना प्रेमाने टाळावं. निवृत्त अधिकाऱ्याला दोन तास सल्ल्याविना बसवणं ही त्याच्यावर थोडी सक्तीच होते.

बोलावताना साफ सांगावं, फोनवर नाही तर लिहून: ‘मला एका गोष्टीत मार्ग सुचत नाही. दोन तास माझ्यासोबत बसाल का? मत नको, उपाय नको. फक्त शांत बसायचं आणि मला प्रश्न विचारायचे.’ हे वाचून कुणी लगेच ‘अगं, एवढं काय, मी सांगते ना!’ असं म्हणालं, तर उत्तर मिळालं. त्यांना पुढच्या वेळी चहाला बोलवा.

यातल्या एकाने वेळ सांभाळायची आणि नियम मोडला तर हात वर करायचा. दुसऱ्याने वहीत टिपून ठेवायचं. बाकीच्यांनी हात मोकळे ठेवायचे.

तिसरी पायरी: दोन पानी टिपण

ताईने आठवडाभर आधी आपला पेच दोन पानांत लिहून सगळ्यांना द्यायचा. तीन गोष्टी याव्यात: नेमकं अडलंय कुठे, मागची हकिगत काय, आणि पुढचं काही धूसर का होईना दिसतंय का. मोबाइलवर टाइप न करता हाताने लिहावं, असं मी सुचवीन. हाताने लिहिताना खोडलेलं दिसतं, आणि कुठल्या वाक्यावर तीनदा काट मारली हे दुसऱ्या दिवशी बघण्यासारखं असतं.

काहींचा पेच इथेच सुटतो. मग बैठक रद्द करून सगळ्यांना मिसळ खाऊ घालावी.

चौथी पायरी: जागा आणि वेळ

दोन तास सलग. तेवढा वेळ नसेल तर दुसरा दिवस बघा, पण घाईत तासाभरात उरकू नका. पहिला पाऊण तास माणूस सगळ्यांना सांगून झालेलीच गोष्ट पुन्हा सांगत असतो. नवं जे काही येतं ते त्यानंतर.

घर असेल तर ज्याच्या घरी त्याने पूर्वतयारी करावी. कुकर आधी लावून घ्यावा. दारावरची बेल बंद करावी किंवा पार्सलवाल्याला वॉचमनकडे ठेवायला सांगावं. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावेत, नुसते उलटे घालून नाही. चहा आधी किंवा नंतर. मधे ट्रे आला की ‘साखर कमी आहे का’पासून सुरुवात होते आणि पंधरा मिनिटं जातात. पाण्याचे तांबे मात्र हाताशी असू देत.

बसायचं गोल, पण ताईच्या अगदी समोर कुणी नको. तिला खिडकीबाहेर किंवा जमिनीकडे बघत बोलता आलं पाहिजे. समोर बसलेल्याच्या चेहऱ्यावर ‘हो ना!’ उमटलं की आपण नकळत त्याला आवडेल असं बोलायला लागतो.

पाचवी पायरी: सुरुवातीची शांतता

वेळ सांभाळणाऱ्याने नियम एकदा वाचून दाखवायचे आणि सगळ्यांनी शांत बसायचं. दहा मिनिटं तरी. उदबत्ती, मंत्र, मंद संगीत वगैरे काही लागत नाही. कुणाला मनात नाम घ्यायचं असेल तर घ्यावं. इगतपुरीला किंवा इतरत्र विपश्यनेची शिबिरं केलेल्यांना हे बसणं सोपं जातं. मात्र त्यांनी एक लक्षात ठेवावं: तिथे आत काय उमटतंय ते नुसतं बघायचं असतं, इथे त्यातून दुसऱ्यासाठी प्रश्न शोधायचा आहे. डोळे मिटून स्वतःच्या शांततेत बुडून गेलेला सोबती इथे फारसा उपयोगाचा नाही.

दहा मिनिटं अवघड जातात. कुणी खाकरतो, कुणी घड्याळाकडे बघतो, खालच्या मजल्यावर कुणाची तरी फोडणी चुरचुरते. जाऊ द्या. साधारण सहाव्या-सातव्या मिनिटाच्या आसपास खोली बदलते. खुर्च्यांची करकर थांबते, खांदे खाली येतात. त्यानंतर ताईने तयार होईल तेव्हा बोलायला सुरुवात करायची. टिपण सगळ्यांनी वाचलेलं असतं, तरी तिने ते आपल्या तोंडाने दहा-पंधरा मिनिटं सांगावं. लिहिलेलं आणि बोललेलं यात जो फरक पडतो, तिथे टिपणाऱ्याने वहीत खूण करावी.

सहावी पायरी: प्रश्न

आता खरं काम. पुढचा सव्वा तास सगळ्यांनी ताईला फक्त प्रश्न विचारायचे, आणि तेही असे की त्यांचं उत्तर विचारणाऱ्याला आधी माहीत नसेल. ऐकायला सोपं वाटतं. आपल्या समाजात मात्र प्रेम सल्ल्यातूनच दाखवलं जातं. कुणी पेच सांगितला आणि आपण काही सुचवलं नाही, तर आपल्यालाच कोरडं वाटतं. त्यामुळे नियम कळलेली माणसंसुद्धा सल्ल्याला शेवटी प्रश्नचिन्ह लावतात आणि पुढे ढकलतात.

‘तू दोन महिने बिनपगारी रजा का घेऊन बघत नाहीस?’ हा सल्ला आहे. ‘आईला विचारलंस का?’ हाही सल्लाच, शिवाय त्यात एक चिमटा आहे. ‘तुला नाही वाटत की नवऱ्याचं म्हणणं थोडं बरोबर आहे?’ ही वकिली झाली. ‘माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही बाई ठेवली होती, तसं काही...?’ यात तर प्रश्न कमी आणि सासूबाई जास्त आहेत.

मग विचारायचं काय? थोडक्यात, साधं आणि ताईच्याच शब्दांना धरून.

‘आई या विषयावर शेवटचं काय बोलली?’ इथे विचारलं की नाही याची झाडाझडती नाही, आणि तरी ताईला आठवावं लागतं. कदाचित ती थांबते आणि म्हणते, ‘आई... काही बोललीच नाहीये. बोलतोय आम्हीच.’

‘मघाशी तू दोनदा “तिकडचं घर” म्हणालीस. त्या घराचं पहिलं काय डोळ्यांपुढे येतं?’

‘पुण्यात आणायचं म्हणताना तुझा आवाज खाली गेला. तिथे काय झालं?’ हा प्रश्न नाजूक आहे. आवाज खाली गेला हे दिसलेलं आहे, ते सांगायला हरकत नाही. पण ‘तिथे तू घाबरलीस ना?’ असं विचारलं तर आपणच निदान केलं.

‘निर्णय झाला आहे असं समज. उद्या सकाळी उठल्यावर शरीरात कुठे काय वाटतं?’ दोन्ही पर्यायांसाठी हा वेगवेगळा विचारावा आणि मधे भरपूर वेळ जाऊ द्यावा. कौलाच्या पाकळीचं काम हाच प्रश्न करतो.

‘यातलं काय गेलं तर तुला सगळ्यात जास्त चुकल्यासारखं होईल?’ आणि त्याची जोडी: ‘काय गेलं तर कुणाला सांगणार नाहीस, पण बरं वाटेल?’

गमतीचा प्रश्नही चालतो. पार्कर पामर यांना एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षपदासाठी विचारणा झाली होती. मनातून त्यांनी होकार ठरवलेला होता, तरी त्यांनी अशी बैठक बोलावली. कुणीतरी विचारलं, या पदातलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडेल? ते काय आवडणार नाही तेच सांगत राहिले: लिखाण सुटेल, शिकवणं सुटेल. पुन्हा पुन्हा तोच प्रश्न आल्यावर त्यांनी अखेर कबूल केलं की वर्तमानपत्रात फोटो आणि त्याखाली ‘अध्यक्ष’ छापून येईल, ते आवडेल. खोली गप्प झाली. मग प्रश्न विचारणाऱ्याने शांतपणे पुढचा प्रश्न टाकला: पेपरात फोटो यायला याहून सोपा मार्ग सुचतो का? पामर यांनी नंतर ते पद नाकारलं. कुणीही त्यांना ‘घेऊ नका’ असं म्हटलं नव्हतं.

वेगाबद्दल एक सांगायला हवं. उत्तर आलं की लगेच दुसऱ्याने प्रश्न टाकू नये. उत्तरानंतर पाच-सात श्वास सोडावेत. पुष्कळदा पहिलं उत्तर हे लोकांसाठी असतं आणि शांतता लांबली की माणूस स्वतःहून म्हणतो, ‘खरं म्हणजे...’ या ‘खरं म्हणजे’साठी सगळा खटाटोप. दोन प्रश्न एका दमात विचारू नयेत. आपली उत्सुकता भागवणारे प्रश्नही आवरावेत. मिरजेच्या घराचा भाव आज काय असेल, हे जाणून घ्यायची इच्छा काकांना होणार, पण ती काकांची गरज आहे.

ताईला उत्तर द्यायचं बंधन नाही. ‘हे मी इथे सांगणार नाही’ असं तिने म्हटलं की प्रश्न संपला. तो प्रश्न तिच्यासोबत घरी जातोच.

आणि रडू आलं तर? इथे बहुतेक बैठका घसरतात. ताईचे डोळे भरले की शेजारची लगेच ‘अगं, असं काय करतेस’ म्हणत पाठीवर हात ठेवते, दुसरी पाणी आणायला उठते, तिसरी आपल्या आईची आठवण काढते. तीन मिनिटांत सगळ्यांना बरं वाटतं आणि ताई जिथे पोचली होती तिथून परत येते. तेव्हा हात मांडीवर ठेवा. बघत राहा, पण रोखून नको. रुमाल आणि पाणी आधीच तिच्या हाताशी असलं की कुणाला उठावं लागत नाही. हे क्रूर वाटतं, मान्य. पण तिचं रडणं थांबवण्याची घाई तिला असते की आपल्याला, हे प्रत्येकाने मनात तपासावं. हसण्याचंही तसंच: ती हसली तर हसा, पण तणाव सैल करायला विनोद पेरू नका.

सातवी पायरी: आरसा

शेवटची वीस मिनिटं राहिली की वेळ सांभाळणाऱ्याने ताईला विचारायचं, ‘अजून प्रश्न हवेत, की आम्ही काय ऐकलं ते सांगू?’ दुसरं हवं असेल तर प्रत्येकाने फक्त तिचे शब्द आणि हालचाली परत द्यायच्या, त्यांचा अर्थ सांगायचा नाही. ‘शाळेबद्दल बोलताना तू “अजून” हा शब्द वापरलास: “अजून शिकवतेय”.’ ‘मिरजेच्या जिन्याबद्दल सांगताना तुझे हात पहिल्यांदा हलले.’ एवढंच. ‘यावरून मला वाटतं...’ असं वाक्य सुरू झालं की हात वर करायचा.

आमच्या अनुभवात ही सगळ्यात चुकण्यासारखी पायरी आहे, कारण दीड तास सल्ला दाबून धरलेला असतो आणि इथे त्याला फट दिसते. मंडळी नवीन असतील तर पहिल्या वेळी ही पायरी सरळ गाळावी.

मग पुन्हा दोन-तीन मिनिटं शांत बसायचं आणि उठायचं. निर्णय काय झाला असं विचारायचं नाही. झालेला नसतोच बहुधा. वही ताईच्या हातात द्यायची, कुणाकडे प्रत राहता कामा नये, फोटोसुद्धा नको.

गुप्तता इथे दुहेरी आहे. बाहेर कुणाला सांगायचं नाही, हे तर झालंच. शिवाय पुढे ताई भाजी घेताना भेटली तरी तिने विषय काढल्याशिवाय ‘काय झालं गं त्याचं?’ असं विचारायचं नाही. त्या एका प्रश्नाने तिच्यावर उत्तर देण्याची जबाबदारी येते, आणि ती जबाबदारी आली की ती आपल्याला पटेल असा निर्णय शोधू लागते.

आठवी पायरी: जे ऐकू आलं ते पारखणं

बैठकीच्या दिवशी राजीनामा लिहू नये. निदान आठ-दहा दिवस जाऊ द्यावेत. रोज एकदा, ठरावीक वेळी, वही उघडून दोन ओळी लिहाव्यात: आज कुठे कल आहे, आणि कल लिहिताना पोट भरलेलं होतं का, झोप झाली होती का, नुकतंच कुणाशी वाजलं होतं का. हे पोरकट वाटेल, पण दमलेल्या संध्याकाळी ‘आतून’ आलेला आवाज सकाळी सापडतच नाही, असं बऱ्याचदा दिसतं.

भीती आणि मनाचा कौल यांत गल्लत होते. दोघांची चाल वेगळी असते असं माझं निरीक्षण आहे. भीती युक्तिवाद करते, उदाहरणं आणते आणि आजच्या आज करायला लावते. कौल बहुतेकदा थोडक्यात असतो, पुन्हा विचारलं तरी तेच म्हणतो आणि थांबायला तयार असतो. तो नेहमी सुखावणारा असतो असंही नाही. ताईला कदाचित कळेल की तिला मिरजही नको आहे आणि शाळाही. ‘आईसाठी’ हे कारण तिने पुढे केलं होतं, कारण ‘मी थकलेय’ हे कुणी ऐकून घेतलं नसतं. हे कळणं काही आनंदाचं नाही. आईचा प्रश्न तर तिथेच राहतो. पण आता निदान दोन प्रश्न वेगळे झाले, आणि आईशी बोलायला ती मोकळ्या मनाने जाऊ शकते.

आतल्या आवाजाच्या खरेपणाबद्दल सर्वांत जाहीर वाद आपल्याच पुण्यात झाला. ८ मे १९३३ रोजी गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं. सरकारने त्यांना त्याच संध्याकाळी सोडलं आणि उपोषण पर्णकुटी बंगल्यात पुरं झालं. आतल्या आवाजाने हे सांगितलं, असं त्यांनी उघड लिहिलं. हा भ्रम कशावरून नाही, असं लोकांनी विचारलं. शंका घेणाऱ्याला पटेल असा पुरावा आपल्याकडे नाही, तो याला खुशाल भ्रम म्हणू शकतो, असं त्यांनी मान्य केलं. मात्र असा दावा करण्याआधी माणसाने बरीच पूर्वतयारी, शिस्त अंगी बाणवलेली हवी, ही त्यांची अट होती. मला यातलं पुरावा नसल्याची कबुली देणं फार महत्त्वाचं वाटतं. ‘माझ्या मनाने सांगितलं’ हे आपल्यापुरतं कारण होऊ शकतं, पण ते घरातल्या इतरांची तोंडं बंद करायला वापरता येत नाही. ज्याच्या आयुष्यावर निर्णयाचा परिणाम होणार, त्याच्याशी नेहमीच्या भाषेत, हिशेब मांडून बोलावंच लागतं.

कधी भरवू नये

निर्णय झालेला आहे आणि फक्त टाळ्या हव्या आहेत, तेव्हा नको. घरात मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित जागा आणि कायद्याची मदत, शांतता मागाहून. गाढ नैराश्य असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर मनाचा आवाज त्या काळात आजाराच्या सुरात बोलतो; अशा वेळी डॉक्टर हवा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. बैठकीच्या मधेच असं काही पुढे आलं, तर वेळ सांभाळणाऱ्याने नियम बाजूला ठेवून बैठक थांबवावी आणि त्या माणसाला एकटं घरी पाठवू नये.

भोंदूगिरीपासूनही सावध राहा. कुणी या बैठकीचे पैसे मागू लागला, किंवा ‘मला तुमच्याबद्दल आतून काही दिसतंय’ म्हणाला, की त्या घरातून निघायचं.

सराव हवा असेल तर

थेट मोठ्या पेचावर हात घालण्यापेक्षा याच मंडळींनी आठवड्यातून एकदा अर्धा तास नुसतं एकत्र बसून बघावं. वीस मिनिटं शांत, मग दहा मिनिटं एकेकाने एकेक खुला प्रश्न दुसऱ्याला विचारायचा, विषय कितीही किरकोळ असो: जुनी स्कूटर विकू का, गणपतीत गावाला जाऊ का. स्कूटरवर सल्ला न देता येणं हीच परीक्षा आहे. ती जमली की नोकरी-लग्नावर बसता येईल. एका बैठकीत एकाच माणसाचा पेच घ्यावा आणि त्याच मंडळात दोन बैठकांमध्ये महिनाभर तरी जाऊ द्यावा.

न्यू जर्सीत, दुबईत किंवा बेंगळुरूला विखुरलेले मराठी मित्र हे व्हिडिओ कॉलवरही करतात. चालतं, पण थोडे बदल करावे लागतात. कॅमेरा चालू, माइक ज्याचा त्याने बंद, आणि स्वतःचं चित्र लपवून ठेवायचं, नाहीतर माणूस दोन तास आपलाच चेहरा बघतो. शांततेत नेट गेलंय की काय असं वाटतं, म्हणून वेळ सांभाळणाऱ्याने सुरुवातीलाच सांगावं की कुणी हलत नसेल तर ते ठीकच चाललंय. रेकॉर्डिंग करायचं नाही. भारतातली सकाळ आणि अमेरिकेतली रात्र जुळवताना पेच ज्याचा आहे त्याची सकाळ धरा. झोपेला आलेला सोबती एखादा प्रश्न कमी विचारेल, त्याने काही बिघडत नाही.